मिठाचा चहा

संपला एकदाचा, असं मनाशी म्हणत मी कप खाली ठेवला आणि अमालानं तो लगेच परत भरला.

असं आधीही झालं होतं. पहिला घोट मी चांगला मोठा घेतला होता, कारण मामाच्या घरी पोरांना चहा मिळत नसे आणि इथं तर मोठ्या पाहुणीसारखा माझ्यापुढे वेगळा कप ठेवलेला. कप चिनी मातीचा, बिनकानाचा. चहाचा रंग आपल्या चहासारखाच, जरासा गुलाबीकडे झुकणारा, वर लोण्याचा तवंग. तोंडात गेल्यावर मला वाटलं, या बाईनं घाईत डबा चुकवला, साखरेच्या जागी मीठ टाकलं. मी मायकडे पाहिलं. मायनं डोळ्यांनीच सांगितलं, गीळ.

मी गिळला. नुसता गिळला नाही, नाक दाबून सगळा कप रिकामा केला. कडू औषध कसं प्यायचं हे मला माहीत होतं. आणि औषध कुणी दुसऱ्यांदा देत नाही, हेही माहीत होतं. इथं मात्र अमाला किटली घेऊन माझ्या उशाशी बसल्यासारखी बसली होती.

"पियो बेटी, पियो," ती म्हणाली. "शे, शे."

'शे' म्हणजे घ्या, हे मला पुढे कळलं. तेव्हा ते मला धमकीसारखं वाटलं.

आम्ही मोहाडीचे कोष्टी. बाबा घरच्या मागावर कोशाच्या रेशमाची पातळं विणायचे आणि माय त्यांच्यासाठी कांड्यांवर धागा भरायची. बाबांना खोकल्यानं धरलं तेव्हा माय स्वतःच मागावर बसू लागली. बाबा गेले, त्यांच्यामागे मागही गेला, आणि आम्ही दोघी मामाच्या गावी आलो. ते गाव गोंदियाकडच्या जंगलात. तिथून कोसभरावर तिबेटी लोकांचा कॅम्प होता. आपला देश सोडून आलेली ती माणसं शेती करायची, थंडीच्या दिवसांत स्वेटर विकायला बाहेरगावी जायची, आणि त्यांच्या बायका एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये गालिचे विणायच्या. मामा तिथं भाजी विकायला जायचा. त्यानंच त्या शेडच्या मुख्य बाईजवळ शब्द टाकला होता की माझी बहीण विणकरीण आहे, तिला काम द्या. त्या बाईला सारा कॅम्प अमाला म्हणायचा. अमाला म्हणजे माय, पण मानानं म्हटलेली.

मामीनं आम्हाला घरात घेतलं होतं, पण किती दिवसांसाठी ते सांगितलं नव्हतं. सकाळी उठून माय सगळ्यांच्या आधी अंगण झाडायची, शेवटी जेवायची, आणि तरी मामी कण्या निवडताना एखादं वाक्य हवेत सोडायचीच. हे काम मिळालं तर आपलं आपण राहता येईल, नाहीतर मला शाळेतून काढून कुणाच्या तरी घरी कामाला ठेवावं लागेल, इतकं मला समजत होतं. मी चौथीत होते. शाळा मला आवडत होती.

अमालानं निरोप पाठवला, जेवायलाच या, मग बोलू. वाटेत मायनं मला थांबवलं, माझ्या वेण्या पुन्हा घट्ट केल्या आणि म्हणाली, "जे देतील ते खायचं. तोंड वाकडं करायचं नाई. अन् टाकायचं तर नाईच नाई."

टाकायचं नाही, हा तर आमच्या घरचा कायदाच होता. माय ताटात शीतही राहू देत नसे. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं, तिनं मला शिकवलं. अन्नाचा कण वाया गेला की तिच्या कपाळावर जी आठी पडायची ती मारापेक्षा वाईट असे.

म्हणून मी त्या दिवशी कपामागून कप रिकामे करत होते. अमाला भरत होती.

मग वाडग्यातून शेवया आल्या आणि मला हायसं वाटलं. शेवया म्हणजे दूध, साखर, वर खोबऱ्याचा कीस. या शेवया जरा रुंद होत्या आणि त्यांच्यात मुळ्याचे काप तरंगत होते हे मी पाहिलं, तरी आशा सोडली नाही. पहिल्या घासाला आशा सुटली. यांच्याकडची साखर कुणी चोरून नेली होती की काय कोण जाणे. आलं-लसणाचा गरम खारट रस्सा, त्यात बुळबुळीत शेवया. एक शेवई मी ओढायला लागले ती संपेचना. अमालाचा म्हातारा बाप कोपऱ्यात गादीवर माळ ओढत बसला होता, तो माझ्याकडे पाहून स्वतःच्या वाडग्यातली शेवई सुर्रकन ओढून दाखवू लागला. हे असं खायचं, असं तो शिकवत होता. मोहाडीला असा आवाज केला असता तर पाठीत धपाटा बसला असता. मी मायकडे पाहिलं. मायनं वाडगा तोंडाला लावला आणि सुर्रकन शेवई ओढली. म्हातारा खूश झाला.

मीही ओढली. दोन-तीन घासांनंतर तो रस्सा मला तितका परका वाटेना, हे कबूल केलं पाहिजे. पोटात ऊब उतरत होती. त्यानंतर वाफेवर फुगवलेला पांढरा पाव आला, घडी घातलेल्या पातळासारखे त्याचे पापुद्रे, एकेक सोडवून घ्यायचा, आणि सोबत लाल मिरचीची चटणी. इथं मात्र मी कुणाला हार जाणार नव्हते. चटणीत बुडवून मी पापुद्र्यामागून पापुद्रा खाल्ला. अमाला डोळे मोठे करून बघत राहिली.

"मिरची नहीं लगती?" तिनं मायला विचारलं. तिची भाषा म्हणजे हिंदीच्या पिठात मराठीचं पाणी, पण सगळं कळायचं.

"आमच्याकडं याच्याहून तिखट राहते," माय म्हणाली.

अमाला हसली. तिचं हसणं मोठं होतं, सगळा चेहरा त्यात जायचा. आणि हसता हसता तिनं माझा कप काठोकाठ भरला.

आता मी शहाणपण केलं. कप प्यायले, तांब्यातलं घोटभर पाणी त्यात घातलं, फिरवलं आणि तेही प्यायले. आमच्या घरी याचा अर्थ एकच होता: जेवण झालं, आता काही नको. अमालानं ते सारं कौतुकानं पाहिलं.

"इतना अच्छा लगा?" असं म्हणून तिनं परत कप भरला.

मला रडू यायचं बाकी होतं. माय मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती खोलीकडे बघत होती. मागावर बसली की ती अशीच बघायची, एकही धागा नजरेतून सुटू न देता. तिचा स्वतःचा कप भरलेला होता. अधूनमधून ती एक लहानसा घोट घ्यायची, अमाला वर तेवढंच ओतायची, आणि कप पुन्हा भरलेला. म्हाताऱ्याचंही तसंच चाललं होतं. मधेच शेडमधून एक बाई आली, तिच्या केसांत लोकरीचे तंतू अडकले होते. तिनं अमालाला काहीतरी विचारलं, बसली, तिलाही कप मिळाला. बोलणं होईपर्यंत तिनं नुसता ओठाला लावला. मग उठताना एका दमात सगळा प्यायली आणि गेली. तिचा कप अमालानं परत भरला नाही. हे माझ्यासमोर घडलं, पण माझं सगळं लक्ष माझ्या कपात होतं.

जेवण झाल्यावर अमालानं हात पुसले आणि ती कामाचं बोलली.

"तुझा भाऊ म्हणतो, तुला माग येतो. पण गालिचा वेगळा. इथं एकेक गाठ हातानं."

"शिकीन," माय म्हणाली.

"शिकशील, मालूम है." अमालानं किटली खाली ठेवली. तिला वाईट बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. "तुझ्या आधी गावच्या बायका आल्या. चांगल्या होत्या. पण डबा घेऊन झाडाखाली बसायच्या. आमच्या हातचं पाणी नाही, चहा नाही. आम्ही एका मागावर चार-पाच जणी बसतो, मांडीला मांडी. एकीनं गाठ मारली, तर दुसरीला तिच्यासोबत चालावं लागतं. जो वेगळी बसते, तिच्यासोबत गालिचा नाही होत. थोडे दिवसांत त्या गेल्या. काम अर्धं राहिलं."

"मी तर जेवली तुमच्यासंगं," माय म्हणाली.

"आज पाहुणी आहेस. पाहुणा सब खाता है." अमाला हसली, पण या वेळी चेहऱ्याचा थोडाच भाग हसला. "आत्ता मागावर जागा खाली नाही. लोसारच्या नंतर बघू. आमचा नवा साल. तेव्हा तुझ्या भावाला सांगीन."

नंतर बघू म्हणजे काय, हे मामाच्या घरी राहून मला चांगलं कळायला लागलं होतं. तरी जायची वेळ झाली म्हटल्यावर मी माझं काम केलं. समोरचा कप उचलला, डोळे मिटून रिकामा केला आणि उभी राहिले. अमालाही उठली. तिनं माझ्या ओंजळीत वाळवलेल्या दुधाचे दगडासारखे टणक तुकडे घातले, ते किती वेळ चघळायचे ते सांगितलं, आणि दाराचा पडदा बाजूला करून उभी राहिली.

माय उठली नाही.

"माय, चाल ना," मी म्हटलं.

"बस."

"तुझा चहा राहिला."

"राहू दे."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. काठोकाठ भरलेला कप समोर होता, त्यावर लोणी थिजत आलं होतं, आणि ताट विसळून पिणारी माझी माय म्हणत होती राहू दे. मला वाटलं, काम नाही म्हटल्याचा तिला राग आला आणि ती आता भांडणार. माय भांडली तर मामाचं भाजीचं गिऱ्हाईकही जाईल, हाही विचार मनात येऊन गेला.

अमाला पडदा धरून उभीच होती. "प्या," ती म्हणाली. "थंडा हो गया. थांब, गरम देते."

तिनं येऊन गार चहा किटलीत ओतला आणि नवा भरला. मायनं हात जोडले, पण कपाला हात लावला नाही. म्हाताऱ्याची माळ थांबली.

"अच्छा नहीं लगा?" अमालानं विचारलं.

"चांगला हाये," माय म्हणाली. "पन मी पीत नाई. तुमच्यात जो जाते, तो कप रिकामा करते. मी तवापासून पाहून राहिली. हे बाबा घरचे हायेत, त्यायचा कप भरलेलाच हाये. ती बाई उठली, तिनं पिऊन टाकला, तुम्ही तिले वाढला नाई. माह्या पोरीले समजलं नाई. ते बिचारी सारखी जायले निघते, अन् तुम्ही तिले सारख्या थांबवता."

मी माझ्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"मले जायचं नाई," माय म्हणाली. आवाज चढवला नाही की हात पसरला नाही, बाजारात चालली आहे असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. "तुम्ही पाहुनी म्हनता तर मी पाहुनीच हाये. माहा कप भरलेला हाये. पाहुनीले कोनी उठ म्हनत नाई."

अमालानं बापाकडे वळून त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं, बरंच लांबलचक. म्हातारा आधी नुसता ऐकत होता. मग त्याचे खांदे हलू लागले, आणि तो बोळक्या तोंडानं इतका हसला की माळ मांडीवरून खाली पडली. तो अमालाला काहीतरी म्हणाला. अमाला मायच्या समोर मांडी घालून बसली आणि तिच्याकडे पाहत राहिली.

"तुझं नाव काय?" तिनं विचारलं. इतक्या वेळात हे तिनं विचारलंच नव्हतं.

"शेवंता."

"चल, शेवंता."

पडद्याबाहेर पडताना माय मागे वळून मला म्हणाली, "कपाकडं ध्यान दे. कोनाले उचलू देऊ नको. तूही पिऊ नको."

ती दुसरी सूचना अगदीच गरज नसलेली होती.

दुपारभर मी त्या कपाची राखण करत बसले. माश्या हाकलल्या. वर साय धरली. म्हातारा मधूनमधून माझ्याकडे बघायचा, कपाकडे बघायचा आणि हसायचा. राहवेना तेव्हा मी दाराशी जाऊन समोरच्याच शेडमध्ये डोकावले. उंच उभ्या मागापुढे बायका एका फळीवर ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध माझी माय, मांडीला मांडी लावून. एका सळईवर लोकरीचे फेर घ्यायचे, ओळ झाली की सुरीनं कापून सळई मोकळी करायची, असं ते काम होतं. शेजारणीनं दोनदा करून दाखवलं. मायनं एक ओळ विणली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच सगळी उसवली. पुन्हा विणली. मग शेजारणीचा हात आणि तिचा हात बरोबर चालू लागले. तिची पाठ मला दिसत होती. बाबा गेल्यापासून ती पाठ मी वाकलेलीच पाहिली होती, अंगण झाडताना, भांडी घासताना. मागापुढे ती सरळ होती. माझी माय किती उंच आहे ते मी त्या दिवशी पाहिलं.

दिवस कलला तेव्हा ती लोकरीचे तंतू केसांत घेऊन परत आली. मी कप तिच्यापुढे केला, आता तरी पी म्हणून. तिनं तो तसाच कोनाड्यात ठेवला.

"उद्या येऊन पीन," ती अमालाला म्हणाली.

अमालानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी माय गेली तेव्हा तिच्यापुढे तोच कप आला, ताजा, काठोकाठ भरलेला. पुढे अनेक वर्षं तो तिच्यापुढे भरून येत राहिला. मी शाळेतून परस्पर कॅम्पात जायचे आणि शेडच्या दाराशी अभ्यास करायचे. तो चहा मला कधी आवडायला लागला ते कळलं नाही, पण नागपूरला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्या थंडीत मला त्याचीच आठवण आली. गालिच्यांच्या पैशांवर आमचं घर झालं, मामाच्या गावच्या टोकाला दोन खोल्यांचं. मामी तिथं चहाला यायची. मायनं तिला कधी मिठाचा दिला नाही.

अमालाचे गुडघे गेले तेव्हा तिच्या मुलीनं तिला कर्नाटकात आपल्या कॅम्पात बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी ती आमच्या घरी आली. त्या सुट्टीत मी घरी होते. मायनं चहात लोणी नि मीठ घालून तो रवीनं घुसळला, आणि दोघी बोलत बसल्या. कोणती बाई घट्ट गाठ मारते, कोणती सैल, हेच त्यांचं बोलणं. अमाला घोट घ्यायची, माय वर ओतायची. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवू लागला. अमाला भिंतीला धरून उठली. कप भरलेला होता. तो तिनं हातात घेतला, ओठापर्यंत नेला नाही, आमच्या कोनाड्यात ठेवला आणि बाहेर पडली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. मीच तेवढी रडले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा घरी जाई, कोनाड्यात तो कप भरलेला असे. रोज सकाळी माय कालचा चहा परसातल्या केळीला ओतायची आणि ताजा भरायची. जिनं आयुष्यात शीत वाया जाऊ दिलं नाही, ती.

"माय, रोज चहा टाकतेस तू," मी एकदा म्हटलं.

"टाकत कुठं?" ती म्हणाली. "पाहुनी अजून उठली नाई."

कॅम्पातली एक मुलगी सायकलवरून निरोप घेऊन आली, त्या सकाळीही मी तिथंच होते. अमाला गेली, तिकडेच, झोपेत गेली. मुलगी परत जाईपर्यंत माय दारात उभी होती. मग आत आली, कोनाड्यातला कप उतरवला आणि जमिनीवर मांडी घालून बसली. चहा पहाटेच भरलेला होता, गार झाला होता. ती तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग तिनं त्यात घोटभर पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि तेही पिऊन टाकलं.